शून्य नंबरची जागा

कुणाकडे काही मागायचं म्हटलं की तेबोराच्या घशात काटा अडकायचा. आमच्या तारावा बेटावर असं माणूस जगतं तरी कसं, याचं लोकांना नवल वाटे. इथे मागण्यात कसली आलीय लाज? मीठ मागा, जाळं मागा, सायकल मागा. आणि मागण्यातलं मोठं मागणं म्हणजे बुबुसी. नात्यातलं माणूस तुमच्या चटईवर येऊन बसलं आणि 'मी बुबुसी करायला आलोय' म्हणालं की विषय संपला, द्यायचं. नाही म्हणायला कायद्याची बंदी नाही हो, पण नाही म्हटलेलं घर लोक तीन पिढ्या विसरत नाहीत. तेबोरानं अशा दोन सायकली दिल्या, शिवणयंत्र दिलं, बापाच्या मागे राहिलेलं एकुलतं एक धड जाळं दिलं. स्वतः मात्र छत्तीस वर्षांत एकदाही कुणाच्या चटईवर मागायला बसली नाही.

"ही पोर प्रार्थनेत बसूनसुद्धा काही मागत नाही," तिची कुरा आत्या म्हणायची. "नुसती डोळे मिटून बसते आणि घरी येते. देवाला तरी कळायचं कसं?"

आईविना सहा वर्षांच्या तेबोराला या आत्यानंच वाढवलं होतं. स्वतःच्या पोरांच्या आधी हिच्या पानात मासा वाढायची. म्हणून आत्या काही बोलली तरी तेबोरा हसायची.

मत्स्यखात्याच्या कचेरीत ती अकरा वर्षं कनिष्ठ कारकून होती. आमच्या समुद्रात बाहेरच्या देशांच्या बोटी ट्यूना पकडायला येतात, त्यांच्या नोंदी ठेवायचं काम. दर दोन वर्षांनी परदेशातून एक नवा साहेब त्या नोंदींवर येऊन बसे. बोटींची नावं त्याला तेबोरा शिकवायची, कुठला कप्तान खोटं लिहितो ते तेबोरा सांगायची, आणि शिकून तयार झाला की तो मेला विमानात बसून चालता व्हायचा. असे पाच साहेब तिनं तयार केले. ती खुर्ची आपल्याला मिळावी, असं तिला वाटायचं. फार वाटायचं. कुणाजवळ बोलायची नाही, एवढंच.

त्या खुर्चीला पदविका लागे आणि पदविकेच्या वाटेत एक विषय आडवा पडला होता, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम. नावाला भिऊ नका. माहिती कशी रचून ठेवायची आणि हवी तेव्हा झटकन कशी शोधायची, एवढाच तो विषय, तोही पहिल्या वर्षाचा. पण विद्यापीठाचा नियम असा की तीन खेपांत सुटला नाही तर नाव कटलं, कायमचं.

पहिल्या खेपेला ऐन परीक्षेच्या आठवड्यात बेटाची इंटरनेटची लाइनच गेली. दुसऱ्या खेपेला वडील गेले. मयत घरात, माणसं तीन दिवस गात बसलेली, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी. अशा वेळी अर्ज केला तर परीक्षा पुन्हा देता येते, फक्त मागावं लागतं. तेबोरानं मागितलं नाही. पत्र लिहायला बसली आणि दोन ओळींवर थांबली. अशा त्या दोन खेपा गेल्या. आता ही तिसरी.

विद्यापीठाचं मुख्य ठिकाण समुद्रापलीकडे दुसऱ्या देशात. इथे दोन खोल्यांचं केंद्र. डॉक्टर वुनिबोला नावाच्या बाई तिकडून पडद्यावर शिकवत, आणि इथे आठवड्यातून दोनदा ब्वेरे सर ते समजावून देत. सर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. पडद्यावरचं पहिल्या ऐकण्यात त्यांनाही कळायचं नाही, आणि तसं ते सरळ सांगायचे. "थांबा रे, मला आधी कळू दे," म्हणायचे आणि शहाळं फोडून बसायचे.

एका दुपारी असंच अडलं. बाई पडद्यावर सांगत होत्या की हजार नावं एका रांगेत ठेवली तर शोधताना एकेक बघत जावं लागतं. त्यापेक्षा नावावरूनच काहीतरी हिशेब करा, त्यातून एक आकडा काढा, आणि त्या आकड्याच्या जागेवर नाव ठेवा. शोधताना पुन्हा तोच हिशेब केला की थेट त्या जागेवर जाता येतं. कुणालाच उमजेना. सरांचं शहाळंही संपलं.

"सर," तेबोरा मागून म्हणाली, "हे तर मनेआबासारखं झालं."

सगळे वळून बघायला लागले. मनेआबा म्हणजे आमच्या प्रत्येक गावाचं मोठं सभाघर. चारी बाजूंनी घराण्यांच्या बैठकीच्या जागा ठरलेल्या, आजे-पणज्यांपासून. तुम्ही कुठल्या घराण्यातले हे कळलं की तुमची जागा कळली. अंधारात सोडलं तरी माणूस आपल्याच जागी जाऊन बसेल.

"आणि दोघं एकाच जागेचे निघाले तर?" सरांनी विचारलं.

"तर एकामागे एक बसायचं. आपण बसतो तसंच."

सरांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "अगं, हे त्या बाईंना पडद्यावर का नाही सुचलं?"

"ताई, तुझ्या डोक्यात अख्खं मनेआबा आहे," शेजारून काबुआ म्हणाला. "माझ्या डोक्यात नुसतं छप्पर."

काबुआ म्हणजे कुरा आत्याचा धाकटा, चोविशीतला. गोड पोरगं. गिटार वाजवणार, सगळ्यांना हसवणार, आणि वर्गात मागच्या भिंतीला टेकून छान झोपणार. आईनं ढकलला म्हणून या वर्गात आलेला. पहिलीच खेप त्याची.

मोठा गृहपाठ त्यावरच आला. दोनशे बोटींची नोंद या रीतीनं रचायची. चाळीस मार्क. ते मिळाले की तेबोराची परीक्षा निम्मी सुटल्यात जमा होती. बोटी तिच्या ओळखीच्या, रीत तिच्या गावची. तिनं केंद्राच्या ओसरीवर चटई टाकली, तेवीस कवड्या गोल मांडल्या, कारण तिच्या गावच्या मनेआबात तेवीस जागा. कम्प्युटर शून्यापासून मोजतो, म्हणून शून्य ते बावीस. सर उकिडवे बसून बघत होते.

"आणि ही शून्य नंबरची?"

"ती पाहुण्यांची," तेबोरा म्हणाली.

"हं," सर म्हणाले, आणि पुढची कवडी बघायला लागले.

दोघांनाही त्यात काही सांगण्यासारखं वाटलं नाही. बाहेरगावचा माणूस कधीही दारात येऊन उभा राहतो, त्याची जागा मोकळी ठेवायची. ती आपल्यातल्या कुणी अडवायची नसते. तेबोरानं हिशेबच असा बसवला की दोनशेतली एकही बोट शून्यावर जाऊ नये. का, ते तिनं कुठे लिहून ठेवलं नाही. आता पाहुण्याची जागा मोकळी ठेवली हे काय लिहून सांगायचं? आठवडाभर ती त्या कामात इतकी रमली की भाताखाली जाळ राहिला आणि भात दोनदा करपला. आपल्याला हे येतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि ती एकटीच हसली.

काम द्यायची मुदत शुक्रवार. सोमवारी काबुआ तिच्याकडे आला. नेहमीसारखा दारातून ओरडला नाही. चप्पल काढून चटईवर मांडी घालून बसला, तेव्हाच तिनं ओळखलं.

"ताई, मी बुबुसी करायला आलोय. तुझा गृहपाठ दे."

"काबुआ, नको रे. तिकडे मशीन लावून ताडून बघतात. सायकल माग, काहीही माग."

"सायकल तर तुझी आधीच माझ्याकडे आहे," तो म्हणाला. तिला हसू आलं. तेवढ्यात तो गंभीर झाला. "मला जमत नाहीये ग. आई रोज विचारते, झालं का, झालं का. मी नावं बदलीन सगळी. तुझी शप्पत."

तिनं दिलं. न देऊन काय करणार होती? त्यानं खरंच नावं बदलली. नावं तेवढी बदलली आणि मंगळवारी देऊनही टाकलं, कधी नव्हे तो पहिला नंबर. तेबोरा मात्र शेवटच्या दिवसापर्यंत एखादी ओळ नीट करत बसणारी. तिचं काम शुक्रवारी गेलं.

तीन आठवड्यांनी दोघांना पत्र आलं. दोन्ही कामं शेकडा चौऱ्याण्णव सारखी. आणि त्याहून घात म्हणजे, दोन्हींत एकच विचित्र गोष्ट, शून्य नंबरची जागा रिकामी. दोन माणसं वेगवेगळी बसून तीच गोष्ट करतील कशी? पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला पडद्यावर चौकशी. दोषी ठरेल तो या विषयात नापास.

काबुआ पत्र घेऊन पळतच आला. चेहरा उतरलेला, पण बोलला सरळ. "ताई, मी सांगतो त्यांना. तू नव्हतीस तेव्हा तुझ्या मशीनमधून मी चोरलं म्हणतो. माझी पहिलीच खेप आहे, झालो नापास तर पुढच्या वर्षी बसेन. नाही बसलो तर आणखीच बरं. तुझं जाता कामा नये."

तेबोराला वाटलं, पोरगं चांगलं आहे. उगाच का आपण याला कडेवर घेऊन फिरवलं? त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बुधवारी कचेरी सुटल्यावर ती घरी आली, तर कुरा आत्या तिच्या चटईवर बसलेली. शेजारी भाजलेला ब्रेडफ्रूट, फणसासारखं आमच्याकडचं फळ, केळीच्या पानात गुंडाळून आणलेला. आत्या या घरी कधी काही घेऊन येत नसे. हे घर ती आपलंच मानायची.

"काबुआची निवड झाली ग," आत्या म्हणाली. "ऑस्ट्रेलियात. मांसाच्या कारखान्यात. चार वर्षांचा करार आहे."

"आत्या! कधी?"

"शिकतो तिथून चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणा म्हणालेत. चोरी केली असं तिथे लिहिलं गेलं तर मिळेल का पत्र?" आत्या चटईची काडी उपसत राहिली. "त्याच्या मशीनमधून तू घेतलंस म्हण. त्याला न सांगता घेतलंस. एवढंच बोल."

"मला पुन्हा बसता येत नाही आत्या. ही शेवटची खेप आहे माझी."

"मला कळत नाही का ग? तुला वाढवलं ती मीच ना?" आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुला कचेरी तरी आहे. त्याच्यापुढे काय आहे? समुद्र? तो म्हणतो, मी खरं बोलणार. त्याचं ऐकू नकोस. तू आधी बोल."

तेबोरानं ब्रेडफ्रूटवरचं पान सोडवायला घेतलं. मग आत्यानं पदरानं डोळे पुसावेत तसे झग्याच्या घेरानं डोळे पुसले, गुडघे मोडून सरळ बसली, आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "तेबोरा, मी बुबुसी करायला आलेय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. राग तरी कुणावर काढायचा? तेबोरानं ब्रेडफ्रूट फोडला, अर्धा आत्याला दिला. दोघी खात बसल्या.

गुरुवारी ती नऊ वाजताच केंद्रावर गेली. ब्वेरे सर पडद्याच्या तारा जोडत होते. त्यांनी वहीत सगळं लिहून आणलं होतं, कवड्या, तेवीस जागा, तारीख, वार.

"तू अजिबात घाबरू नकोस," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलंय. हे काम तुझं आहे हे मी शपथेवर सांगेन. त्या बाई तशा वाईट नाहीत."

तेबोरानं दाराशी चप्पल काढली. खोलीत चटई नव्हती, सिमेंटची फरशी. ती सरांच्या पायांशी फरशीवर बसली. सरांच्या हातातली तार तशीच राहिली.

"अगं, हे काय?"

"सर, मी बुबुसी करायला आलेय." ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका. एवढंच द्या."

छत्तीस वर्षांत तिनं केलेलं हे पहिलं मागणं. ब्वेरे सर तिच्या आईकडून लांबचे मामा लागत. नसते लागत तर बरं झालं असतं.

"तेबोरा, मूर्खासारखं करू नकोस. असलं कुणी मागतं का?"

"मागितलंय सर."

सर खुर्चीत बसले. वही मिटली, आणि त्या वहीवर दोन्ही हात ठेवले.

दहाला काबुआ आला. नवा शर्ट, ओठ घट्ट. पडद्यावर तीन चेहरे आले, मध्ये वुनिबोला बाई. लाइन अशी की तोंड आधी हलायचं आणि आवाज मागून यायचा.

"नोंदीप्रमाणे काबुआचं काम मंगळवारी आलं, आणि—"

"मी घेतलं," तेबोरा म्हणाली. "त्याच्याकडून."

काबुआ ताडकन उठला. "ताई, काय—"

"खाली बस," ती म्हणाली. लहानपणी त्याला बोलायची त्याच आवाजात. तो बसला.

"त्यानं दिलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नाही. तो बाहेर होता. मशीन उघडं होतं. त्याला ठाऊक नाही."

पडद्यावरच्या दुसऱ्या दोघांनी काहीतरी लिहून घेतलं. सरांची खुर्ची करकरली. बाई काबुआकडे वळल्या. खरं सांगायचं तर बाई हुशार होत्या, त्यांना काहीतरी खटकत होतं.

"काबुआ, मला एक सांगा. काम सुरेख आहे. पण शून्य नंबरची जागा तुम्ही रिकामी ठेवलीत. एकही बोट तिथे जात नाही. असं का केलंत?"

काबुआनं तेबोराकडे बघितलं. त्या कामात आपल्या गावचं मनेआबा आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं नावं बदलली होती, वाचलं कुठे होतं? तेबोरा टेबलाकडे बघत होती. एक शब्द तिनं पुटपुटला असता तरी त्याला कळलं असतं. पण पडद्यावरून तीन माणसं बघत होती.

"चूक झाली मॅडम," काबुआ म्हणाला.

बाईंचा चेहरा सैल झाला. त्या हसल्यासुद्धा. "शून्यापासून मोजायचं विसरलात. पहिल्या वर्षाला होतं असं." मग त्या तेबोराकडे वळल्या, आणि हसू गेलं. "आणि तुम्ही उचललंत ते चुकीसकट उचललंत. एवढी ढळढळीत चूक, तुमच्या लक्षातही आली नाही?"

आवाज उशिरा पोहोचला. तेबोरानं सरांकडे बघितलं. सर वहीवर हात ठेवून बसले होते.

"नाही आली," ती म्हणाली.

"तिसरी खेप ना तुमची?"

"हो मॅडम."

बाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. "वाईट वाटतं मला," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "पण कदाचित हा विषय तुमच्यासाठी नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे दोर संन्याशानंच वळून दिला होता. पडदा काळा झाल्यावर काबुआ भिंतीकडे तोंड करून रडला. तेबोरानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. सर बाहेर जाऊन उभे राहिले ते दुपारपर्यंत आत आले नाहीत.

काबुआला वर्तणुकीचं पत्र मिळालं. चाळीसपैकी चौतीस मार्कही मिळाले, चुकीचे सहा कापून. त्यांचा त्याला उपयोग नव्हता. शेवटच्या परीक्षेआधीच तो विमानात बसला. विषय त्याचाही राहिलाच. निरोपाच्या जेवणाला आत्यानं डुक्कर कापलं, आणि तेबोराला सगळ्यांत आधी वाढलं. कचेरीत सहावा साहेब आला. त्याचं नाव तिला अजून नीट उच्चारता येत नाही, पण बोटींची नावं शिकवायला तिनं सुरुवात केली आहे.

फेब्रुवारीत नवा वर्ग सुरू झाला. तेबोरा केंद्राचं पुस्तक परत करायला गेली. भिंतीवर तिकडून आलेला नवा कागद चिकटवलेला होता, 'नेहमी होणाऱ्या चुका'. सातव्या नंबरला लिहिलं होतं, शून्य नंबरची जागा वापरायची राहून जाते.

"मला लावावाच लागतो ग," ब्वेरे सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "तिकडून येतो."

"बरोबरच आहे की सर," ती म्हणाली.

पुढच्या बाकावर एक नवी मुलगी तोच कागद वहीत उतरवून घेत होती. तिनं मान वर केली. "ताई, तुम्ही हा विषय केलाय ना? हे सातवं म्हणजे काय हो?"

सर उठून खिडकीपाशी गेले. तेबोरा मुलीजवळ वाकली, तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि वहीत गोल तेवीस टिंबं काढली. पहिल्या टिंबावर पेन्सिल टेकवून म्हणाली, "इथून मोजायला सुरुवात करायची. ही जागा मोकळी ठेवायची नाही. मार्क जातात."

"पण मोकळी ठेवेल कशाला कुणी?"

"विसरतात माणसं," तेबोरा म्हणाली, आणि पेन्सिल परत दिली.